रात्री उठण्याचा हिशेब

साठी उलटली की रात्री एकदा उठणं आलंच. मी तीन-तीनदा उठत होतो. ज्याला सांगावं त्याचा एकच सल्ला: संध्याकाळपासून पाणी बंद करा. केलं. घशाला कोरड पडली, उठणं होतं तेवढंच राहिलं.

डॉक्टर म्हणाले, आधी तीन दिवस मापून आणा. स्वयंपाकघरातला मापाचा मग उचलला (तो परत ओट्यावर येऊ दिला नाही, नवा आणावा लागला) आणि कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे लिहीत गेलो: वेळ आणि मिली. रात्री 220, 180, 150. पहाटे उठल्यावर 200. ही सकाळची पहिली लघवी रात्रीच्या खात्यात धरायची, मी आधी दिवसात धरली होती. रात्रीची बेरीज 750, चोवीस तासांची 1700. आमच्या वयात रात्रीचा वाटा एक-तृतीयांशाच्या वर गेला, तर रात्री लघवी तयारच जास्त होतेय. दर वेळी जेमतेम 50-60 मिली येत असेल तर गोष्ट निराळी. मग प्रोस्टेट, मूत्राशय, जंतुसंसर्ग यांच्याकडे बघायचं.

माझं पाणी पायात साठत होतं. संध्याकाळी मोजे काढले की घोट्यावरची खाच तासभर जायची नाही. आडवं झालं की ते पाणी रक्तात परततं आणि मूत्रपिंडं रात्रभर कामाला लागतात. म्हणून आता दुपारी चार वाजता तासभर पलंगावर पडून पाय दोन लोडांवर. त्या तासात दोनदा उठावं लागतं, पण ते दिवसा! जेवणातलं पापड-लोणचं गेलं, संध्याकाळचा चहाही. पाणी सकाळपासून दुपारपर्यंत भरपूर, रात्री फक्त गोळीपुरतं.

रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी पाय सुजतात, काहींनी लघवी वाढते. त्यांची वेळ डॉक्टरांनीच बदलायची, मनाने नाही. साखर तपासून घ्या. घोरणं फार असेल तर तेही सांगा, झोपेत श्वास अडकत असला तरी रात्री लघवी वाढते. सुजेबरोबर धाप, लघवीत रक्त, जळजळीसोबत ताप, किंवा लघवी अडकली, तर मापाचा मग आणि कागद राहू दे, आधी दवाखाना.

आता मी साधारण पहाटे चारला एकदाच उठतो. बाथरूमच्या वाटेवरचं पायपुसणं काढलंय आणि झिरोचा दिवा चालू असतो.