इंग्लंडमधले जुने जमीनदारी महाल बघायला जाताय? आधी हे वाचा

वेबसाइटवर 'ओपन' दिसलं म्हणून लगेच गाडी काढू नका, कारण बऱ्याचदा उघडी असते ती नुसती बाग आणि कॅफे, घराची वेळ वेगळी असते आणि हिवाळ्यात तर कितीतरी घरं साफसफाई-डागडुजीसाठी बंदच ठेवतात, त्यामुळे घराची वेळ आणि शेवटची एन्ट्री दोन्ही बघून घ्या.

नॅशनल ट्रस्टचं (जुनी घरं-बागा जपणारी संस्था) मेंबरशिप कार्ड काढलं की सगळीकडे फुकट, असंही नाही हं. चॅट्सवर्थ, ब्लेनहाइम हे महाल ट्रस्टकडे नाहीत, तिथलं तिकीट वेगळं आणि चांगलंच महाग. ऑस्बोर्न हाऊस इंग्लिश हेरिटेज या दुसऱ्याच संस्थेकडे. म्हणजे कुठलं घर कोणाचं ते आधी बघा, मग कार्ड परवडतंय का ठरवा.

आपल्या लोकांनी डर्बीशरमधला केडलस्टन हॉल (हा ट्रस्टचाच) चुकवू नये. लॉर्ड कर्झनचं हे वडिलोपार्जित घर, कोलकात्याचं राजभवन (आताचं लोकभवन) याच्याच नमुन्यावर बांधलंय, आणि आत कर्झनने आपल्याकडून आणि आशियातून जमवून नेलेल्या वस्तूंचं म्युझियम आहे, बघताना थोडी चिडचिड होते ती होतेच.

आत बहुतेक खोल्यांत पडदे अर्धे ओढलेले असतात, उन्हाने जुनं कापड विटतं म्हणून, तेव्हा डोळे सरावेपर्यंत दारातच जरा थांबा. पाठीवरची सॅक पुढे घ्यायला किंवा लॉकरमध्ये ठेवायला सांगतात. आणि खोलीत बसलेल्या व्हॉलंटियर आजी-आजोबांना बिनधास्त विचारा, पाटीवर नसलेल्या गोष्टी तेच सांगतात.