गिरिपुष्पाचे कुंपण: खुंट ठोकू नका, पहारीने लावा

कुंपणाची कामे उक्ती घेणाऱ्यांसाठी ही टीप. गिरिपुष्प, म्हणजे उंदीरमारी, खुंटापासून सहज फुटते, तरी कुंपणात जागोजाग मेलेले खुंट दिसतात. बहुतेक वेळा कारण एकच: खुंट वरून ठोकलेला असतो. ठोकताना खालची साल सोलते, वरचे टोक चिरते, आणि मुळे फुटायची ती सालीपाशीच!

म्हणून मृगाचा पाऊस जमिनीत मुरला की पहारीने दीड फूट खोल भोक पाडा, खुंट सोडा आणि भोवतीची माती पायाने घट्ट दाबा. खुंट ५ ते ६ फूट लांब, मनगटाएवढा जाड, तपकिरी सालीचा हवा. हिरवी कोवळी फांदी कुजते. बुडाला धारदार कोयत्याने तिरका काप द्या, म्हणजे गडबडीत उलटा लागणार नाही. दोन खुंटांत दीड फूट अंतर पुरते.

खुंट विकत घेऊ नका. शेजारच्या जुन्या कुंपणाची छाटणी करून द्या, माल तिथेच मिळतो. पाला शेतमालकाला द्या, भातखाचरासाठी ते उत्तम हिरवळीचे खत आहे.

तार मात्र पहिल्या वर्षी ओढू नका. ताणाने खुंट हलतो आणि कोवळी मुळे तुटतात. मालकाला हे दर ठरवतानाच सांगा.