विहीर जूनमध्ये बघू नका : कोकणात बिऱ्हाड आणताना या चुका टाळा

दर जूनच्या आगेमागे आमच्या राजापूर तालुक्यात घाटावरून नवी बिऱ्हाडं येतात. कुणी शाळेवर रुजू होणारे गुरुजी, कुणी आरोग्य केंद्रातल्या सिस्टर, कुणी बँकेतले. बीडचे, नांदेडचे, यवतमाळचे. आम्ही २०१७ साली लातूरहून आलो. मिस्टरांना इकडे शाळेत नेमणूक मिळाली होती. त्यामुळे नवं कुटुंब आलं की वाडीतली माणसं त्यांना आमच्याकडे धाडतात, "त्या लातूरच्या बाईंना विचारा." मी सांगते. ते मान डोलावतात आणि मार्चमध्ये तीच अडचण घेऊन परत दारात उभे राहतात. म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते.

भरलेली विहीर बघून निर्धास्त होणं

सगळ्यात मोठी चूक ही. मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्याबद्दल जास्त बोलणार.

२०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा आम्ही तिथंच होतो. घागरी रांगेत लावून रात्र काढलेली आहे. पुढच्या वर्षी जूनच्या शेवटी इथं आलो, तर भाड्याच्या घराच्या परसात विहीर काठोकाठ भरलेली. वाकून तांब्या बुडवता येत होता. मी त्या काठावर बसून रडले होते.

मग आम्ही एक एचपीचा पंप बसवला, हजार लिटरची टाकी चढवली, वॉशिंग मशीन जोडलं. दिवाळीनंतर परसात वांगी, मिरच्या, वाल लावले आणि दोन वेळा पाइपनं शिंपलं. ती विहीर पाच घरांची सामायिक होती हे मला माहीत होतं. पण एवढं पाणी असताना विचारायचं काय, असं वाटायचं. फेब्रुवारीत पाण्याची पातळी खाली गेलेली दिसली, तरी पाइप चार हात लांब केला आणि पंप चालूच ठेवला. एप्रिलमध्ये एका सकाळी पंपानं गाळ ओढला. त्याच वेळी शेजारच्या काकी कळशी घेऊन आल्या. त्यांनी आत वाकून पाहिलं आणि काही न बोलता परत गेल्या. त्या एक शब्द जरी रागाचा बोलल्या असत्या, तरी मला बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी त्याच मला खालच्या पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, घेऊन गेल्या. सुक्या वाळूत हातानं खड्डा केला, पाणी निवळायची वाट बघितली आणि करवंटीनं माझी कळशी आधी भरली. तेव्हा म्हणाल्या, "बाय, शिमगा झाला की आम्ही कोणी पंप लावत नाय." हा वाडीचा नियम होता. तो कुठं लिहिलेला नाही. विचारला असता, तर पहिल्याच दिवशी कळला असता.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आमच्या लातूरच्या कितीतरी पट. पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत, आणि पडतो जांभ्या दगडावर. जांभा सच्छिद्र, पाणी धरून ठेवत नाही. आत मुरलेलं पाणी उतारावरच्या झऱ्यांतून बाहेर येतं, पऱ्यातून नदीत जातं आणि सह्याद्रीपासून जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरवरच्या समुद्राला मिळतं. म्हणून जुलैत दारात ओढा वाहणाऱ्या वाडीत मे महिन्यात टँकर येतो.

माझं सांगणं असं. घर ठरवण्याआधी दोन प्रश्न विचारा : वैशाखात विहिरीला किती हात पाणी राहतं, आणि विहिरीवर किती घरं आहेत? हे प्रश्न घरमालकाला विचारू नका. त्याच्या दृष्टीनं विहीर बारमाहीच असते. पाणी भरणाऱ्या बाईला विचारा. जमल्यास घर मेच्या शेवटच्या आठवड्यात एकदा आणि जुलैत एकदा बघा. मेमध्ये पाणी कळतं, जुलैत छप्पर. मी आता होळीच्या दुसऱ्या दिवशी पंपाचा फ्यूज काढून देवघराच्या फळीवर ठेवते. पाऊस लागेपर्यंत दोर आणि कळशी. मोरीचं पाणी चर काढून माडाला सोडलं आहे. मशीन झाकून ठेवते.

"बोअर मारून टाकू" म्हणणाऱ्यांवर माझा राग आहे. पहिल्याच उन्हाळ्यात, शेजाऱ्याशी धड ओळख नसताना बोअर मारायची घाई कशाला? खाडीच्या जवळ असाल, तर उपसा वाढला की खारं पाणी लागण्याचा धोका आहे. त्यापेक्षा भातकापणी झाल्यावर वाडीतली माणसं मातीच्या गोणी रचून पऱ्यात कच्चा बंधारा घालतात, त्या श्रमदानाला जा. त्या बंधाऱ्यामुळे आजूबाजूच्या विहिरींचं पाणी जास्त दिवस टिकतं. दोन तास गोणी उचलल्यावर जी ओळख होते, ती वर्षभर "नमस्कार, नमस्कार" करून होत नाही.

पावसाच्या तोंडावर ट्रक भरणं

मागच्या एका वर्षी परभणीचं कुटुंब जूनच्या मध्यावर आलं. आंबा घाटात दरड येऊन रस्ता अडला आणि ट्रक रात्रभर तिथंच थांबला. वरची ताडपत्री फाटकी होती. प्लायवूडचा पलंग, शोकेस, कापसाच्या सहा गाद्या, ज्वारीची दोन पोती. सगळं अर्धं भिजून आलं आणि तसंच भिंतीला टेकवून लावलं गेलं. गाद्यांना पंधरा दिवसांत वास यायला लागला, पलंगाचं प्लाय नागपंचमीपर्यंत फुगून सुटलं. ज्वारीला जाळी धरली. सगळ्यात वाईट म्हणजे वहिनींची डीएडची प्रमाणपत्रं ट्रंकेत बुरशीनं काळी पडली. ती परत मिळवायला त्यांना किती हेलपाटे पडले, ते मी पाहिलं आहे.

शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात आणि पाऊसही त्याच सुमारास लागतो. तेव्हा सामान मेच्या वीस तारखेच्या आत आणा, नाहीतर निम्मं गावीच ठेवा आणि दिवाळीनंतर न्या. पावसात दोन बॅगा, स्टो, भांडी आणि चटया पुरतात. मी कुठलंही कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ठेवते, पश्चिमेच्या भिंतीला तर लावतच नाही. कपड्यांच्या कपाटात पावसाळाभर एक छोटा बल्ब संध्याकाळी तासभर लावते. पिवळा, तापणारा बल्ब. एलईडीचा उपयोग नाही. कागद घट्ट झाकणाच्या डब्यात, चपलांच्या खोक्यातून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह. ज्वारी पंधरा दिवसांची आणा, पोतं नको. तांदळाची भाकरी करायला शिका. पहिल्या चार फाटतील, पाचवी जमेल. उकडा तांदूळ सासूबाईंनी दोन महिने नाकारला, आता दुसरा भात मागत नाहीत.

छोट्या पण महागात पडणाऱ्या

छप्पर : कौलं चाळून घ्यायचं काम वैशाखातच. पाऊस सुरू झाल्यावर भाताची लावणी लागते आणि माणूस मिळत नाही. गणपतीत तर मुंबईचे चाकरमानी आलेले असतात, तेव्हा प्लंबर-इलेक्ट्रिशियनला फोनही करू नका.

आगोट : पावसाआधीची बेगमी. शेजारी कांदे, कुळीथ, आमसुलं, सुकी मासळी, लाकूडफाटा भरत असतील, तर तुम्हीही भरा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या मासळीचा हट्ट धरू नका.

रेल्वे : पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं. गावाकडून येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना जुनी वेळ सांगू नका.

ताप : लावणीच्या दिवसांत चिखलात अनवाणी फिरून आल्यावर ताप आणि पिंडऱ्या दुखायला लागल्या, तर घरच्या गोळ्यांवर चार दिवस काढू नका. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर.

सापाचं मात्र एका ओळीत सांगून भागणार नाही. आमच्याकडच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, फुरसं हा विषारी साप असतो. लहानसं, मातीच्या रंगाचं, चिऱ्यांच्या, म्हणजे जांभ्याच्या घडीव दगडांच्या, ढिगात आणि लाकडांच्या खाली बसलेलं. नवे लोक चिरे घराला टेकवून रचतात आणि रात्री स्लीपर घालून मोरीकडे जातात. आमच्या घरात बॅटरी उशाशी आणि बंद बूट दाराशी असतात. दंश झालाच तर चिरायचं नाही, करकचून बांधायचं नाही, झाडपाल्यात वेळ घालवायचा नाही. १०८ लावायचा किंवा मिळेल त्या गाडीनं रुग्णालय. प्रतिविष कुठं ठेवलेलं असतं, हे आल्या आल्या पहिल्या आठवड्यातच विचारून ठेवा. विंचवाचंही तसंच. लाल विंचवाच्या दंशानं कोकणात माणसं दगावायची, महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी त्यावर प्राझोसिन हे औषध वापरून कितीतरी जीव वाचवले, त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. औषध आहे. ते मिळेल तिथवर वेळेत पोचायचं, एवढंच आपल्या हातात.

पहिल्याच वर्षी जमीन घेणं

हवा आवडते, नारळाची झाडं दिसतात, आणि दिवाळीपर्यंत लोक जागेचं टोकन देऊन मोकळे होतात. असं करू नका. शेतकरी असल्याचा दाखला नसेल, तर शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही, ही पहिली गोष्ट. दुसरी, सातबारा उघडून नावं मोजा. पाच गुंठ्यांवर वीस-पंचवीस नावं असतात, काहींचे वारस लावलेलेही नसतात. तुम्हाला जागा दाखवणारा त्यातला एक. पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची पायवाट, कुणाच्या आवारातून जाते, आंब्याचं झाड कुणाच्या वाटणीचं, हे कागदावर दिसत नाही. बाकीची नावं बहुतेक मुंबईत असतात आणि गणपतीत पाच-सात दिवस एकाच घरात भेटतात. एक गणपती जाऊ द्या. आरतीला जा, प्रसाद घ्या, त्या घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि जागेचं त्यांना विचारा.