गेंडे मोजायला झुलूलँडात

गेंड्यांसाठी स्वयंसेवक म्हणून आफ्रिकेला जायचं ठरवणारे बहुतेक जण मला आधी एकच विचारतात: गेंड्याला हात लावायला मिळतो का? कधीतरी मिळतो. पण तेवढ्यासाठी जाणार असाल तर जाऊ नका. दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताळ प्रांतातल्या झुलूलँड भागात मी जे काम केलं, त्यातलं जवळजवळ सगळं काम गेंडा शोधणं, ओळखणं आणि नीट लिहून ठेवणं हेच होतं. त्या नोंदी किती मोलाच्या आहेत हे जाण्याआधी समजून घेतलंत, तर उन्हातले कंटाळवाणे तासही तुम्ही मनापासून घालवाल.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेकडचे पांढरे गेंडे शंभराच्याही आत उरले होते, तेही उम्फोलोझी नदीच्या परिसरात. १८९५ मध्ये तिथे राखीव जंगल झालं. १९६०च्या दशकात तिथले वनाधिकारी इयान प्लेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेंड्यांना भूल देऊन दुसऱ्या जंगलांत हलवण्याचं तंत्र बसवलं. आज जगात या जातीचे जेवढे गेंडे आहेत, ते त्या मूठभरांचे वंशज. आणि मग चोरटी शिकार उसळली. दक्षिण आफ्रिकेत २००७ साली १३ गेंडे मारले गेले होते, २०१४ साली १,२१५. नंतर आकडा उतरला, तरी २०२३ मध्ये ४९९ गेले आणि त्यातले ३०७ एकट्या ह्लुह्लुवे-इम्फोलोझी उद्यानातले, म्हणजे उम्फोलोझीकाठच्या त्याच जंगलातले. ज्या जंगलाने ही जात वाचवली, तिथेच.

म्हणून कोणता गेंडा कुठे दिसला, कधी दिसला, मादीसोबत पिल्लू आहे का, हे कळणं महत्त्वाचं. एखादी मादी बरेच दिवस कुणालाच दिसली नाही, तर तिचा शोध सुरू होतो. दोन पिल्लांमधलं अंतर वाढत चाललं असेल तर चारा कमी पडतोय का, गर्दी झाली आहे का, हे तपासतात आणि काही जनावरं दुसरीकडे हलवायची का ते ठरवतात. २००३ पासून काळ्या गेंड्यांचे नवे कळप याच पद्धतीने वसवले जात आहेत. हे सगळे निर्णय रोजच्या नोंदवहीतून निघतात.

दिवस उजाडायच्या आत उघड्या गाडीतून निघायचं. मे ते सप्टेंबर हा तिथला कोरडा हिवाळा; गवत खुरटं असतं, जनावर लवकर दिसतं, पण पहाटेचा वारा हाडं गोठवतो. पांढरा आणि काळा गेंडा रंगावरून ओळखायला गेलात तर फसाल, दोघेही करडे आणि चिखलाने माखलेले. पांढऱ्याचा ओठ रुंद, सपाट, चरण्यासाठी. त्यामुळे मान सदैव खाली. काळ्याचा वरचा ओठ टोकदार, फांद्या ओढून खाण्यासाठी. पांढऱ्याचं पिल्लू आईच्या पुढे चालतं, काळ्याचं मागे. आणि जनावर दिसलंच नाही तर शेण बघा: पांढऱ्याच्या शेणात नुसतं गवत, काळ्याच्या शेणात तिरक्या कापल्यासारख्या काटक्या. मला हे शेण वाचणं फार आवडलं. आमच्याबरोबरचा झुलू वाटाड्या नुसत्या ढिगाकडे पाहून ‘उभेजाने’ म्हणायचा, म्हणजे काळा. पांढऱ्याला तो ‘उम्खोम्बे’ म्हणे.

मग दुर्बिणीतून कान बघायचे. कानांवर कापलेल्या खाचा असतात. प्रत्येक जागेला ठरलेली किंमत, आणि सगळ्यांची बेरीज म्हणजे त्या गेंड्याचा क्रमांक. वाऱ्याची दिशा सांभाळा. गेंड्याची नजर अधू, पण नाक आणि कान विलक्षण तिखट. शिवाय पाठीवर बसलेले तांबड्या चोचीचे पक्षी माणूस दिसताच कलकलाट करून त्याला उठवतात.

दुपारी बहुधा परक्या झुडपांची तोड. इथे मराठी माणसाला चेहरे ओळखीचे निघतात: घाणेरी, रानमोडी, गाजरगवत. आपली जंगलं गिळणारी हीच अमेरिकी झुडपं तिथलंही गवत गिळत आहेत, आणि गवत गेलं की पांढऱ्या गेंड्याचं पोट गेलं. कोयता चालवणं नीरस वाटेल, पण तेवढा तुकडा पुन्हा चराईचा होतो.

आता त्या ‘हात लावण्याच्या’ कामाबद्दल. शिकारी शिंगासाठीच गेंडा मारतात, म्हणून ते आधीच कापून टाकतात. या शिंग कापण्याच्या मोहिमेत सहभागी व्हायला मिळेलच असं नाही. परवाना, हवामान, हेलिकॉप्टर, पैसा सगळं जुळावं लागतं. डॉक्टर हेलिकॉप्टरमधून भुलीची सुई मारतात. औषध इतकं जहाल की त्याचा थेंबही माणसाच्या जिवावर बेतू शकतो, त्यामुळे पडलेल्या सुईला कुणीही शिवायचं नाही. गेंडा बसला की आमची गाडी धावते. डोळ्यांवर पट्टी, कानांत बोळे, नाकपुडीत प्राणवायूची नळी. भुलीत श्वास मंदावतो आणि अंग तापतं, म्हणून ही कामं थंडीत आणि सकाळी करतात. माझ्याकडे श्वास मोजून मोठ्याने सांगायचं आणि अंगावर पाणी ओतायचं काम होतं. शिंग बुडापासून काही सेंटिमीटर वर, जिवंत भाग सोडून, यांत्रिक करवतीने कापतात. केस जळल्यासारखा वास पसरतो, कारण शिंग म्हणजे आपल्या नखांसारखंच केराटिन. भुगासुद्धा गोळा करतात. शिंगाच्या तुकड्यात मायक्रोचिप बसवतात, डीएनएचे नमुने घेतात; पुढे चोरीचं शिंग पकडलं गेलं तर ते कुठल्या गेंड्याचं हे सिद्ध करता येतं. मग सगळे गाडीत, एकटे डॉक्टर कानाच्या शिरेत उतारा देतात, आणि मिनिटा-दोन मिनिटांत ते प्रचंड धूड उठून चालायला लागतं.

शिंग कापताना पाहून वाईट वाटतं, मलाही वाटलं. पण ते पुन्हा वाढतं, दीड-दोन वर्षांनी परत कापावं लागतं. जून २०२५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार, दक्षिण आफ्रिकेतल्याच क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातल्या ज्या आठ जंगलांत २०१७ ते २०२३ या काळात शिंगं कापली, तिथे शिकार ७८ टक्क्यांनी घटली. हे वाचल्यावर माझा संकोच गेला.

संस्था निवडताना एक गोष्ट ठामपणे सांगतो: जिथे पिल्लांना कुरवाळणं, बाटलीने दूध पाजून फोटो काढणं, सिंहाच्या छाव्यांबरोबर फिरणं हे जाहिरातीत पुढे असेल, तिथे जाऊ नका. अनाथ गेंड्यांना सांभाळणारी चांगली केंद्रं माणसांचा सहवास मुद्दाम कमी ठेवतात, कारण त्या पिल्लाला पुन्हा जंगलात जायचं असतं. फी बरीच असते. तिचा किती भाग पहारेकरी, डिझेल आणि निरीक्षकांच्या पगारावर जातो हे लेखी विचारा. तुमच्या नोंदी कोण वापरतं, हेही विचारा. सरळ उत्तर न देणाऱ्यांना सोडून द्या.

व्हिसासाठी संस्थेचं पत्र लागतं; त्यात तुमच्या कामाचं स्वरूप खरं लिहिलेलं असावं आणि त्यावरून कोणता व्हिसा लागेल हे अर्ज करण्याआधी पक्कं करा. विमान अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असेल तर पीतज्वराच्या लशीचा दाखला काढून ठेवा. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. गोचिडांपासून तापही येतो, म्हणून लांब पँट मोज्यात खोचायची. कपडे मातकट किंवा हिरवट, भडक नकोत. चार्जरसाठी आपल्याकडचा गीझरचा मोठा तीन पिनांचा प्लग तिथल्या भिंतीत बसतो. स्वयंपाक बहुधा पाळीपाळीने असतो. शाकाहारी असाल तर आधी कळवा आणि थोडा गोडा मसाला न्या, माझ्या आमटीला रोज मागणी होती. फोनमधलं लोकेशन बंद ठेवूनच फोटो काढा; गेंड्याच्या फोटोतून जागा कळली तर शिकाऱ्याचं काम सोपं होतं.

पशुवैद्यक किंवा वन्यजीवशास्त्राचे विद्यार्थी असाल, तर तिथे औषधं हाताळायला मिळतील ही आशा ठेवू नका. जीपीएस, ठसे ओळखणं, एक्सेलमध्ये स्वच्छ नोंदी करणं एवढं मात्र पक्कं शिकाल, आणि ते पुढे कुठल्याही जंगलात उपयोगी पडतं. सुरुवात इथेच करता येते: बुद्ध पौर्णिमेच्या रात्री वनखात्याच्या मचाणावरच्या प्राणीगणनेला नाव द्या. पहाटेपर्यंत जागून, न बोलता, पाणवठ्यावर नजर ठेवून नोंदी करणं ज्याला जमलं आणि आवडलं, त्याने खुशाल अर्ज करावा.