ऐकून ओळखा: ही इंग्रजी कुठली?

बोलणारा कुठल्या भागातला हे इंग्रजी ऐकून ओळखायचं असेल, तर शब्दांपासून सुरुवात करू नका. शब्द मालिका-सिनेमांतून कुठेही पोचतात. स्वर आणि ‘र’ मात्र लहानपणी जिभेवर बसतात आणि सहजी सुटत नाहीत. म्हणून आधी ‘र’, मग स्वर, मग व्यंजनं आणि शब्द अगदी शेवटी, हाच क्रम ठेवा.

नमुना म्हणून दोन-तीन मिनिटांचं सलग, मोकळं बोलणं घ्या. वाचताना माणूस नकळत प्रमाण उच्चारांकडे सरकतो. गाणी तर वगळाच, कारण कितीतरी ब्रिटिश गायक गाताना अमेरिकी उच्चार करतात. कान तयार करायला जॉर्ज मेसन विद्यापीठाचा ‘स्पीच अ‍ॅक्सेंट अर्काइव्ह’ उत्तम: जगभरच्या लोकांनी तिथे एकच ६९ शब्दांचा उतारा वाचला आहे.

पहिली फेरी फक्त ‘र’साठी ऐका. ‘रेड’, ‘व्हेरी’ यांतला र सगळेच उच्चारतात, त्याचा उपयोग नाही. ‘कार’, ‘फार्म’, ‘नॉर्थ’ यांतला, म्हणजे शब्दाच्या शेवटचा किंवा व्यंजनाआधीचा र पकडा. इथेच बहुतेकांची फसगत होते. ज्या बोलीत हा र गळतो, तिथेही पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की तो परत येतो: ‘कार’ एकटा आला की ‘काऽ’, पण ‘कार इज’मध्ये र स्वच्छ ऐकू येतो. ‘लॉ अँड ऑर्डर’मध्ये तर मुळात नसलेला र ‘लॉ’नंतर घुसतो. तेव्हा ज्या शब्दानंतर बोलणारा थांबला किंवा पुढे व्यंजन आलं, तेच शब्द मोजा.

र ठळक असेल तर स्कॉटलंड, आयर्लंड, कॅनडा, बहुतेक अमेरिका आणि इंग्लंडचा नैर्ऋत्य कोपरा. गळत असेल तर उरलेला बहुतेक इंग्लंड, वेल्स, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. ही वाटणी इतिहासाने केली. १६०७मध्ये व्हर्जिनियात जेम्सटाउन वसलं तेव्हा इंग्लंडात र सर्रास उच्चारला जात होता. आग्नेय इंग्लंडात तो गळणं पक्कं झालं अठराव्या शतकात, आणि १७८८मध्ये सिडनीत वसाहत झाली ती प्रामुख्याने त्याच भागाची बोली घेऊन. अपवादही तितकेच बोलके आहेत. बॉस्टनच्या जुन्या बोलीत र गळतो. उलट न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला साउथलंडमध्ये तो ऐकू येतो, कारण तिथे स्कॉटिश लोक मोठ्या संख्येने वसले.

दुसऱ्या फेरीत स्वर. ‘कप’चा उच्चार ‘पुट’शी जुळत असेल, म्हणजे ‘कुप’च्या जवळ जात असेल, तर उत्तर इंग्लंड किंवा मिडलंड्स, म्हणजे इंग्लंडचा मधला पट्टा. हे दोन स्वर दक्षिणेत सतराव्या शतकात वेगळे झाले, उत्तरेत झाले नाहीत. सोबत ‘बाथ’मधला स्वर आखूड आहे का पाहा. तो दक्षिणेत लांब ‘आ’ असतो. एकट्या ‘बाथ’वर मात्र विसंबू नका, अमेरिकेतही तिथे लांब ‘आ’ येत नाही.

‘डे’ ऐकताना मराठी कानाला जास्त सावध राहावं लागतं. आपला ‘ए’ सरळ आहे, त्यामुळे शेवटी ‘इ’कडे वळणारा स्वरही आपल्याला साधा ‘ए’च वाटतो. स्वर संपताना जबडा हलतोय का, ते ऐका. अजिबात हलत नसेल तर स्कॉटलंड किंवा उत्तर इंग्लंड. सुरुवातच ‘आ’कडे झुकून ‘डाय’सारखं वाटलं तर ऑस्ट्रेलिया किंवा कॉकनी, म्हणजे लंडनच्या कामगारवर्गाची बोली.

ऑस्ट्रेलिया की न्यूझीलंड, हे ‘फिश’वर ठरतं: न्यूझीलंडात ‘फश’, ऑस्ट्रेलियात ‘फीश’कडे झुकणारा. कॅनडासाठी ‘आउट’ आणि ‘लाउड’ शेजारी ठेवा. तिथे बहुतेकांच्या ‘आउट’मधला स्वर ‘अउ’सारखा वर उचलला जातो, ‘लाउड’मधला उघडाच राहतो.

व्यंजनं दुय्यम पुरावा. ‘थिंक’चं ‘फिंक’ ही एकेकाळी लंडनची खूण होती, आता ती अनेक ब्रिटिश शहरांत ऐकू येते. आयरिश आणि भारतीय, दोन्ही इंग्रजीत हा ध्वनी दाताला जीभ टेकवून येतो. तिथे ‘ट’ ऐका: जीभ मागे वळत असेल तर भारतीय.

शब्द फक्त शिक्कामोर्तबासाठी. ‘नुकतंच जेवलो’ या अर्थी ‘आय अ‍ॅम आफ्टर ईटिंग’ म्हणणारा आयर्लंडचा, ही रचना आयरिश भाषेतून आली. ‘च्या बाहेर’साठी ‘आउटविथ’ म्हणणारा स्कॉटलंडचा. ओढ्याला ‘बेक’ म्हटलं तर उत्तर इंग्लंड. नवव्या शतकापासून तिथे स्थिरावलेल्या नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांचा तो शब्द, आणि व्हिटबी, ग्रिम्सबी या गावांच्या शेवटी असलेला ‘बी’ही त्यांचाच.

एका खुणेवर निकाल देऊ नका, किमान तीन जुळू द्या. ‘र’ एका प्रदेशाचा आणि स्वर दुसऱ्याचे निघाले, तर माणूस लहानपणी स्थलांतरित झालेला असू शकतो. नोंदीत दोन्ही प्रदेश लिहा. आणि जुन्या बीबीसी निवेदकांसारखे प्रमाण ब्रिटिश उच्चार असतील तर गाव शोधू नका. ते शिक्षण आणि वर्ग सांगतात, प्रदेश सांगत नाहीत.