घरात माणूस आजारी, मांजरेही आजारी: दोन्ही शुश्रूषा सांभाळताना

आईच्या कर्करोगाचे निदान झाले, तेव्हा डोंबिवलीच्या आमच्या घरात दोन मांजरे आधीपासूनच आजारी होती. 13 वर्षांच्या ठमीची मूत्रपिंडे हळूहळू निकामी होत होती आणि तिला एक दिवसाआड कातडीखाली 100 मिलिलिटर सलाईन द्यावे लागत असे. गोट्या या बोक्याला मधुमेह होता आणि त्याला दर 12 तासांनी इन्सुलिन टोचावे लागत असे. हे सारे मी एकटीच करत होते आणि ते फक्त माझ्या डोक्यात होते. पुढे आईसाठी परळच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि एका संध्याकाळी मी रुग्णालयातून निघूच शकले नाही. घरी बाबा होते, फोनही होता. परंतु सुई कुठे टोचायची, किती टोचायचे, बोका जेवला नसेल तर काय करायचे, हे फोनवर सांगता सांगता माझेच शब्द अडखळू लागले. ज्यांच्यावर अशी वेळ आली आहे किंवा येऊ घातली आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

सर्वांत आधी मांजराची संपूर्ण शुश्रूषा कागदावर उतरवावी. ती ज्याने कधी मांजराला औषध दिलेले नाही अशा माणसासाठी लिहायची आहे, हे ध्यानात ठेवून लिहावे. औषधाचे नाव, वेळ, मात्रा आणि ते घरात कुठे ठेवले आहे, एवढे पुरेसे नाही. ठमी गोळी तोंडात धरून ठेवते आणि दहा मिनिटांनी पलंगाखाली थुंकते, हे मी लिहिले नव्हते. त्यामुळे बाबा आठवडाभर गोळी दिल्याच्या समाधानात होते. म्हणून मांजराच्या सवयी, लपण्याच्या जागा, त्याला कोणता हात चालतो आणि कोणता चालत नाही, हेही लिहावे. कागदावर सर्वांत वर पशुवैद्यांचा क्रमांक आणि रात्री उघडे असणाऱ्या दवाखान्याचा पत्ता असावा. मांजराचे ताजे वजनही लिहावे, कारण फोनवर डॉक्टर बहुधा तेच आधी विचारतात.

त्यानंतर पशुवैद्यांकडे मांजराला न नेता, केवळ बोलण्यासाठी एक वेळ घ्यावी आणि घरची परिस्थिती स्पष्ट सांगावी. संकोच करू नये. त्यांना विचारायचा प्रश्न असा: यातले काय एक दिवसही चुकता कामा नये, काय दोन दिवस चुकले तर चालेल, आणि काय काही महिने बाजूला ठेवता येईल? प्रत्येक मांजराचे उत्तर वेगळे असते. ठमीच्या बाबतीत सलाईनचा एक दिवस मागे-पुढे झाला तर चालेल, परंतु तिने 24 तास काहीच खाल्ले नाही तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा, असे ठरले. दर तीन महिन्यांची रक्ततपासणी, ती ठीक खात-पीत असेल तर, थोडी लांबवण्यासही डॉक्टरांनी संमती दिली. खर्चाचेही याच भेटीत बोलून घ्यावे. माणसाच्या उपचारांवर पैसा वाहत असताना मांजराच्या कोणत्या तपासणीने निर्णय खरोखर बदलणार आहे आणि कोणती केवळ माहितीसाठी आहे, हे चांगला डॉक्टर प्रामाणिकपणे सांगतो.

इन्सुलिनविषयी मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आपल्याकडे त्यात एक विशिष्ट धोका आहे. माणसांना दिले जाणारे कुपीतले इन्सुलिन भारतात बऱ्याचदा 40 युनिट प्रति मिलिलिटर या तीव्रतेचे असते, तर मांजरांना ज्याचा चांगला उपयोग होतो ते ग्लार्जिन नावाचे इन्सुलिन सहसा 100 युनिटचे असते. दोहोंच्या सिरिंज वेगळ्या असतात: 40 ची सिरिंज लाल टोपणाची, 100 ची नारिंगी टोपणाची. 100 युनिटचे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 2 च्या रेघेपर्यंत भरले, तर मांजराच्या अंगात 2 नव्हे, 5 युनिट जातात. बाबांना स्वतःला मधुमेह असल्याने आमच्या फ्रीजमध्ये दोन्ही कुप्या शेजारी शेजारी होत्या, आणि एकदा घाईत त्यांनी गोट्यासाठी लाल टोपणाची सिरिंज उचललीही होती. भरण्याआधी त्यांच्याच लक्षात आले. त्या दिवसापासून मांजराची कुपी आणि सिरिंज वेगळ्या डब्यात, डब्यावर मोठ्या अक्षरांत नाव घालून ठेवू लागलो.

घरात दोन-तीन माणसे आळीपाळीने टोचत असतील, तर डब्यालाच एक वही बांधावी आणि टोचल्याबरोबर वेळ लिहून सही करावी. दिले की नाही याची शंका आली, तर पुन्हा देऊ नये. एक मात्रा चुकल्याने साखर काही तास वाढेल. मात्रा दुप्पट झाली तर मांजर दगावू शकते. मांजर जेवले नसेल तर नेहमीची मात्रा टोचण्याआधी डॉक्टरांना फोन करावा. ते लडखडू लागले, निपचित पडले किंवा झटके येऊ लागले, तर हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचे घट्ट पाणी चोळून तडक दवाखाना गाठावा. बेशुद्ध मांजराच्या तोंडात काहीही ओतू नये.

सलाईन लावणे दुसऱ्याला शिकवायचे असेल, तर ते मन शांत असलेल्या दिवशी, स्वतः शेजारी बसून शिकवावे. बाटली कोमट पाण्यात ठेवून अंगाइतकी गरम करावी आणि मनगटाच्या आतल्या बाजूस लावून पाहावी. गार सलाईनने मांजर हमखास उठून जाते. दोन खांद्यांमधली सैल कातडी चिमटीत उचलून तिच्या तळाशी सुई शिरवावी. सुई दर वेळी नवी घ्यावी, कारण बोथट सुई दुखते. नंतर कातडीखाली गोळा दिसतो, तो कधी पुढच्या पायाकडे उतरतो आणि काही तासांत जिरतो. नवख्या माणसाला हे आधी सांगितले नाही तर तो घाबरतो. मात्र झोपेत असताना मांजराचा श्वास मिनिटाला 30 पेक्षा जास्त वेळा चालू लागला, तर सलाईन थांबवून डॉक्टरांना कळवावे.

आमच्याकडे बाबांचा हात थरथरत असल्याने त्यांना हे जमले नाही. शेजारच्या काकूंनी दोनदा पाहून घेतले आणि तिसऱ्यांदा स्वतः केले. मदत मागताना "काही लागले तर सांगेन" असे मोघम न बोलता, "मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी आठ वाजता अर्धा तास याल का?" असे विचारावे. नेमके काम सांगितले की माणसे आनंदाने येतात. कोणीच नसेल तर दवाखान्यातला सहायक पैसे घेऊन घरी येतो का, याची चौकशी करावी. आजारी, वयस्क मांजराला अनोळखी ठिकाणी ठेवणे हा माझ्या मते शेवटचा पर्याय असावा, कारण तिथे अनेक मांजरे खाणेच सोडतात.

आता रुग्णाच्या बाजूने. "घरात केमो चालू आहे, मांजरे सोडून द्या" हे आम्हाला किमान सहा नातेवाइकांनी सांगितले. मूत्रपिंडाचा आजार असलेले मांजर रस्त्यावर सोडणे म्हणजे त्याला मरायला सोडणे होय, आणि तशी गरज सहसा नसतेही. आईच्या डॉक्टरांना विचारले तेव्हा त्यांनी काही पथ्ये सांगितली. रुग्णाने मांजराची माती साफ करू नये. ती घरातल्या दुसऱ्या कोणी रोज उचलावी, कारण मांजराच्या विष्ठेतून पसरणाऱ्या टोक्सोप्लाझ्मा या परजीवीला संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो. मांजराला कच्चे मांस देऊ नये, नखे कापलेली असावीत, आणि ओरखडा उठलाच तर साबणाने धुऊन लगेच सांगावे. घरच्या घरी पोटातून डायलिसिस होत असेल, तर पाणी बदलताना मांजर त्या खोलीत असताच कामा नये. नळीला त्याचा दात लागला तर पोटात जंतुसंसर्ग होऊ शकतो. एवढे पाळले तेव्हा ठमी आईच्या पायाशी झोपू शकली, आणि केमोनंतरच्या वाईट दिवसांत आईला तीच सोबत हवी असे.

उलट, रुग्णाच्या खोलीतून मांजराला असलेला धोका कोणी सांगत नाही. उशाशी ठेवलेली पॅरासिटामॉलची एक 500 मिलिग्रॅमची गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. वेदनाशामके आणि केमोच्या गोळ्या कपाटात बंद असाव्यात, आणि माणसाचे कोणतेही औषध मांजराला स्वतःच्या मनाने देऊ नये. भेटायला येणारे पुष्पगुच्छ आणतात. त्यात लिली असेल तर तो दारातूनच परत द्यावा, कारण तिच्या पाकळ्या किंवा परागकण पोटात गेल्याने निरोगी मांजराचीही मूत्रपिंडे बंद पडतात. आजारपणात घर वारंवार फिनाइलने पुसले जाते. मांजर त्या लादीवर चालते आणि पंजे चाटते, म्हणून फिनाइल आणि पाण्यात घातल्यावर दुधी होणारी जंतुनाशके टाळावीत.

आणखी एक संभाषण आधीच उरकून घ्यावे, मन धजत नसले तरी. मांजर कोणत्या अवस्थेला पोहोचले की उपचार थांबवायचे आणि दयामरणाचा निर्णय घ्यायचा, हे पशुवैद्यांशी आणि घरच्यांशी बोलून लिहून ठेवावे. तुम्ही अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या असताना हा प्रश्न फोनवर येऊ शकतो. आम्ही ठमीसाठी तीन खुणा ठरवल्या होत्या: भुकेची औषधे देऊनही खात नाही, मातीपर्यंत चालत जात नाही, आणि आईच्या पलंगावर यायचे सोडते. तिसरी खूण आईने सुचवली होती.

फ्रीजवरचा कागद दर भेटीनंतर नव्याने लिहावा, त्यावर तारीख घालावी आणि जुना फाडून टाकावा. आमच्याकडे एकदा दोन्ही कागद राहिले, आणि काकूंनी जुना वाचून ठमीला तीन दिवस बंद केलेली गोळी दिली. तिला काही झाले नाही, पण चूक माझी होती. आता तारीख लाल शाईने लिहिते.