क्लासिक नाटकं अभ्यासताय? आधी पळवाट शोधा

एमएला नवीन आलेली मुलं विचारतात की शाकुंतल, शारदा असली नाटकं पेपरसाठी वाचायची कशी, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. गाईडमधलं 'अजरामर कलाकृती' वगैरे सगळ्यांच्याच पेपरात असतं, त्यावर टीकात्मक उत्तर उभं राहत नाही. माझी युक्ती एकच, नाटककाराने कुणाला अलगद सोडवलंय ते बघायचं.

शाकुंतल घ्या. महाभारताच्या आदिपर्वातला दुष्यंत शकुंतलेला ओळखतो, त्याला सगळं आठवत असतं, तरी भर दरबारात नाही म्हणतो आणि आकाशवाणी झाल्यावर कबूल करतो, वर म्हणतो की लोकांना शंका राहू नये म्हणून असं केलं! कालिदासाने यात दुर्वासांचा शाप आणि अंगठी आणली, म्हणजे राजा खोटारडा राहिलाच नाही, बिचारा विसरला. इथेच थांबलात तर 'कालिदासाने नायकाला वाचवलं' एवढंच हाती लागतं, आणि ते बरेच जण लिहितात. पण पाचव्या अंकाची सुरुवात नीट वाचा. शकुंतला दरबारात यायच्या आधी आतून हंसपदिकेचं, म्हणजे राजाच्याच एका राणीचं, गाणं ऐकू येतं, राजाने एकदा प्रेम केलं आणि मग फिरकलाच नाही त्याचा टोमणा, आणि राजाला तो बरोबर कळतो पण. या हंसपदिकेला विसरायला कुठला शाप लागला होता? मला तर वाटतं कालिदासाने पळवाट दिली आणि शेजारीच पुरावाही ठेवला. शकुंतलाही काही गप्प बसत नाही, तोंडावर 'अनार्य' (म्हणजे नीच) म्हणते त्याला. हे मुद्दे भाषांतर वाचूनही सापडतात, संस्कृत कच्चं असलं तरी घाबरू नका, फक्त संक्षिप्त आवृत्ती घेऊ नका कारण असे छोटे प्रसंगच त्यात आधी उडतात.

देवलांचं शारदा (1899) तसंच तपासा. जरठ-कुमारी विवाहावर, म्हणजे म्हाताऱ्याशी कोवळ्या मुलीच्या लग्नावर, एवढं धारदार नाटक, पण म्हाताऱ्या भुजंगनाथाशी लग्न मोडतं कशावर, तर गोत्र एक निघालं म्हणून! गोत्र वेगळं असतं तर? आता लगेच देवलांना मागासलेले ठरवून मोकळे होऊ नका, आजच्या चष्म्यातून झोडपणं हा दुसरा आळशीपणा. संमतिवयाचा कायदा 1891 चा, त्यात मुलीच्या शरीरसंबंधाच्या संमतीचं वय फक्त 12 केलं तरी किती गदारोळ झाला होता, त्याच समाजातला प्रेक्षक समोर बसलेला. रूढी मोडायला रूढीचाच नियम वापरला ही नाटकाची मर्यादा की देवलांची हुशारी, यावर दोन्ही बाजूंनी लिहिता येतं.

उत्तरात अंक आणि प्रसंग मात्र नेमका सांगा, नुसतं 'लेखक सुचवतो' लिहिलं की व्हायवात पहिला प्रश्न 'कुठे?' हाच येतो.